मूळव्याधीचं मॉडेल

आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचं काम गेली सत्तावीस वर्षं मी करतो, आणि ते बसून करावं लागतं.

(कारखाना म्हटल्यावर भोंगा, शिफ्ट, धुराडं असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. पेणला गणपती जिथे बनतात त्या पत्र्याच्या शेडलाही कारखानाच म्हणतात.) आता साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाचा रंग मारणं ही कामं चार जणांत वाटता येतात. डोळ्यांचं तसं नाही. आखणीला एकच हात लागतो. पाटावर मांडी घालायची, मूर्ती समोर घ्यायची, श्वास रोखायचा आणि एका दमात रेघ ओढायची. हात हलला की देव तिरळा! आमच्याकडे आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, आखायचे. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. थोरला भाऊ हिशोबी, धाकटा बडबड्या, आणि मी एका जागी तासन् तास बसू शकणारा म्हणून.

तर या वर्षी जूनमध्ये नेमकं तेच जमेना. दुखणं 'त्या जागी' होतं. 'त्या जागी' म्हणजे कुठे, हे सज्जनांना सांगावं लागत नाही, आणि ज्यांना झालंय त्यांना तर नाहीच नाही.

सांगणार कुणाला? पेणला काही झाकून ठेवायची सोय आहे का! मेडिकलवाला माझ्याच वर्गातला. मलम मागितलं असतं तर पिशवीत घालायच्या आधी त्यानं समोरच्या पापडवाल्या काकूंना दाखवलं असतं. आमच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आमच्याच आळीत राहतो आणि त्याला गप्प बसायची सवय नाही. राहता राहिली बायको. मंगल तशी लाखात एक, पण तिच्या पोटात तीळ भिजत नाही. सकाळी तिला सांगितलं असतं तर दुपारी भजनी मंडळानं माझ्यासाठी सामुदायिक प्रार्थना केली असती.

आणि खरं सांगू? लाज होतीच, पण त्याहून जास्त भीती होती. मागच्या आळीतल्या एका गृहस्थांनी फार वर्षांपूर्वी याचं ऑपरेशन केलं होतं. ते लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा पिता पिता, त्याचं वर्णन करायचे. ते वर्णन मी तीनदा ऐकलं होतं. शिवाय शेडमध्ये तीनशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या होत्या. मी आडवा झालो तर त्या आखणार कोण?

मग मी उभ्यानं आखायला लागलो. टेबलावर पाट, पाटावर मूर्ती, आणि मी एका पायावर भार देऊन उभा.

आमचा गंगाराम खाडीकाठच्या गावातून येतो. अण्णांच्या वेळचा कारागीर, साच्यांचं काम त्याचं. तो दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "शेट, उभं का?"

"कंबर धरलीय."

"कंबर धरल्यावर मानूस बसतो. तुमी तर बसायचं नाव नाय घेत."

"गंगाराम, तू साचा बघ!"

त्यानं साचा बघितला, आणि मग मी नुकती आखलेली मूर्ती बघितली. बराच वेळ बघितली. "शेट, एक सांगू? रागावू नका. ह्या बाप्पाच्या पोटात दुखतंय का काय?"

मी चमकून पाहिलं. खरंच की! भुवया वर चढलेल्या, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. त्याच्या बाजूचा तसाच. त्याच्या पलीकडचा तर सरळ सरळ कळवळत होता! मला जशी कळ येत होती तशी रेघ उठत होती. संध्याकाळी एक नेहमीचे गिऱ्हाईक आले, मूर्तीसमोर हात जोडले आणि हळूच म्हणाले, "यंदा बाप्पा जरा कष्टी दिसतायत हो. महागाईचं असेल." मी ते सगळे डोळे पांढऱ्यानं पुसून टाकले आणि ठरवलं, की आता काहीतरी केलंच पाहिजे. काय, ते मात्र सुचेना.

अशात रोह्याहून भाऊजींचा फोन आला.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण शाळेची घंटा यांच्या अंगातून गेली नाही. दिसेल त्या समितीचे ते सचिव होतात. या खेपेला आरोग्य व्याख्यानमाला होती. सात दिवस, सात दुखणी, सात तज्ज्ञ. हृदय, किडनी, गुडघे, साखर, डोळे… पनवेल-मुंबईहून मोठमोठे डॉक्टर येऊन नवीन उपचार काय निघालेत ते लोकांना समजावून सांगणार होते.

"श्रीकांतराव, प्रत्येक व्याख्यानाला त्या त्या अवयवाची मोठी प्रतिकृती हवी. शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे."

"थर्माकोलची करून घ्या ना, भाऊजी."

"मेहुणा पेणचा मूर्तिकार, आणि मी थर्माकोल वापरू? लोक काय म्हणतील!"

बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. आम्ही कामाला लागलो. आता देव करणाऱ्या हातांना अवयव करायला दिले की काय होतं, ते ऐका.

हृदय गंगारामनं रंगवलं. सवयीनं त्याला सोनेरी काठ काढला, आणि खाली कमळाचं आसन केलं. हृदयरोगतज्ज्ञ बिचारे अँजिओप्लास्टी समजावताना सोनेरी पट्ट्याशी अडले. "ही… ही कुठली रक्तवाहिनी?" असं त्यांनी भर सभेत विचारलं म्हणे. दुसऱ्या दिवशी किडन्या. गंगारामनं एकच साचा केला आणि दोन्ही त्यातूनच काढल्या. डॉक्टर म्हणाले, "या पेशंटला दोन डाव्या किडन्या आहेत. वैद्यकशास्त्रात ही पहिलीच केस."

डोळा मी स्वतः केला. तिथे मात्र माझा हात ऐकेना. लांब पापणी, वर निमुळती भुवई, आणि बुबुळात तो उजेडाचा पांढरा ठिपका! मोतीबिंदूचे डॉक्टर आता मशीननं भिंग कसं बदलतात ते सांगायला पुढे झाले, तर पहिल्या रांगेतल्या बायकांनी चपला काढून हात जोडले होते. एका आजींनी व्याख्यान संपल्यावर त्याच्यापुढे दूर्वा ठेवल्या म्हणे.

सहाव्या दिवशी भाऊजींचा पुन्हा फोन. आवाज एकदम खाली. "उद्याचा विषय जरा नाजूक आहे. मूळव्याध."

मी जवळजवळ बसलोच. (जवळजवळ!)

"कोण… कोण डॉक्टर येणार आहेत?"

"फार मोठे तज्ज्ञ आहेत. रोह्यातच आठवड्यातून दोन दिवस दवाखाना असतो. आणि प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता! लोकांना संकोच नको, ही माझी कल्पना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तज्ज्ञ आयता येतोय. गाव पेण नव्हे, रोहा. तिथे ताई-भाऊजी सोडले तर मला कुत्रं ओळखत नाही. चिठ्ठी बिननावाची. एक चिठ्ठी टाकायची, उत्तर ऐकायचं, आणि मॉडेल घेऊन परत! मी इतक्या उत्साहानं हो म्हणालो, की भाऊजींनाही संशय यायला हवा होता.

डॉक्टरांनी फोनवर चित्र पाठवलं होतं. मी ते उघडलं आणि माझ्यातला कारागीर संतापला. गुलाबी गुलाबी, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं काहीतरी! अहो, हे असं नसतं! ज्याला झालंय त्याला विचारा! अण्णांचा धाक आठवला. "बघितल्याशिवाय मातीला बोट लावायचं नाय," असं ते म्हणायचे. मोर करायचा तर आधी मोर बघ, उंदीर करायचा तर उंदीर बघ. कोठारात उंदीर बघत मी लहानपणी एक अख्खी दुपार काढली होती. मग आता ऐन वेळी ऐकीव माहितीवर काम करू?

मी बघितलं. कसं बघितलं ते विचारू नका. माळा, एक हातआरसा आणि मोबाईलची बॅटरी, एवढंच सांगतो.

खाली उतरलो तर शिडीशी मंगल उभी. "अहो, आरसा घेऊन माळ्यावर काय करत होतात?"

"कौलं बघत होतो."

"आरशात?"

"मान दुखते वर बघून!"

"आधी कंबर होती ना?" म्हणत ती गेली. हल्ली बायका नको तेवढं लक्षात ठेवतात.

त्या दिवशी मी जे काम केलं, तसं आयुष्यात केलं नव्हतं. शाडूत घडवलं, साचा काढला, प्लास्टरचं ओतलं, सुकवलं आणि रंगवलं. सूज कुठे किती, लाल कुठे संपतो आणि जांभळा कुठे सुरू होतो, चकाकी कुठे आणि मळकट कुठे, सगळं जसंच्या तसं! मोठ्या परातीएवढं झालं. रागानं, दुखण्यानं, सगळ्या जिवानिशी केलं होतं ते. गंगाराम लांबून बघत होता. जवळ आला, मान वाकडी केली.

"शेट, जास्वंद हाय व्हय?"

मी मान डोलावली. सज्जन माणसाची श्रद्धा आपण कशाला मोडायची?

दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला. पुढे सीटवर बसणं शक्यच नव्हतं, म्हणून मी मागे, मॉडेलला धरून उभा. आमच्याकडे मूर्ती कारखान्यातून बाहेर काढताना वर कापड टाकतात. गंगारामनं न सांगता लाल कापड टाकलं आणि हातही जोडले. वडखळला नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. एका मोटरसायकलवाल्यानं टेम्पोत डोकावून बघितलं, हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला आणि आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा…!"

आता माणूस म्हणून मी काय करायचं? "मोरया," म्हणालो. हळू म्हणालो. आणि मनात देवाची तीन वेळा माफी मागितली.

पुढे नागोठण्यापर्यंत हायवेच्या खड्ड्यांनी माझा जो समाचार घेतला, त्याबद्दल मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही. उभ्या माणसालाही ते खड्डे बरोबर त्याच जागी लागतात. रोहा येईपर्यंत मी सगळी स्तोत्रं दोनदा म्हणून संपवली होती.

हॉल गच्च भरला होता. हृदयाला नव्हती एवढी गर्दी मूळव्याधीला! एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि प्रत्येकाच्या तोंडावर 'आम्ही आपले सहज आलो' असा भाव. दाराशी चिठ्ठ्यांची पेटी होती. मी आपली चिठ्ठी हळूच आत सरकवली आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहणार, एवढ्यात भाऊजींनी माईक धरला.

"आणि या सर्व प्रतिकृती ज्यांच्या बोटांतून उतरल्या, ते माझे मेहुणे, पेणचे सुप्रसिद्ध मूर्तिकार श्रीकांतराव, यांनी व्यासपीठावर यावं!"

झालं! कुत्रं ओळखत नव्हतं त्या गावात आता अख्खा हॉल ओळखू लागला. शाल, श्रीफळ. पाहुण्यांशेजारी मला लाकडी, कडक, सरळ पाठीची खुर्ची.

"बसा ना, श्रीकांतराव."

"नको. उभाच बराय."

"पाहिलंत?" भाऊजी माईकवर म्हणाले. "याला म्हणतात कलावंताची नम्रता!" टाळ्या पडल्या.

मग डॉक्टर उठले. म्हणजे उठल्या! माझ्या भाचीच्या वयाची, डोळ्याला चष्मा, हसरी मुलगी. मला घाम फुटला. हिला मी माझं… छे, शक्यच नाही! बरं झालं चिठ्ठी बिननावाची आहे, म्हणून मी देवाचे आभार मानले. (देव तोवर माझं ऐकायचा बंद झाला होता.)

कापड काढलं. हॉलमध्ये "आईगं!" असा आवाज उमटला. डॉक्टर मॅडम दोन पावलं मागे सरकल्या, मग पुढे आल्या, वाकल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे तुम्ही केलंत? अप्रतिम! मी शिकले त्या पुस्तकातसुद्धा इतकं जिवंत चित्र नव्हतं."

मी मान झुकवली. अभिमानानं झुकवली, ती शेवटचीच.

मॅडम बोलायला लागल्या, आणि छान बोलत होत्या. या दुखण्याच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीला बहुतेकांचं भागतं ते पाणी, भाजीपाला, औषध आणि संडासात मोबाईल घेऊन बसणं सोडण्यावर. (पुरुषांच्या बाजूला चुळबुळ झाली.) "गंमत म्हणजे मी यांना दुसऱ्या पायरीचं चित्र पाठवलं होतं. यांनी तिसरी पायरी केलीय. आणि तिसरी अगदी बिनचूक आहे! कशावरून केलीत?"

"अं… अंदाजानं."

"अंदाजानं? हा सुजेचा जांभळा रंग अंदाजानं?"

भाऊजी मदतीला धावले. "मॅडम, यांच्या घराण्यातच आहे ते! वडिलांकडून आलंय!"

"हो, पुष्कळदा ते वडिलांकडूनच येतं," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा मॉडेलकडे वळल्या. उभं राहून राहून माझे पाय भरून आले होते. खुर्ची शेजारी होती, पण तिचा उपयोग नव्हता.

"आता बघा, समोर घड्याळाची तबकडी आहे असं समजा. या गाठी साधारण तीन, सात आणि अकरा या आकड्यांवर येतात. म्हणजे इथे…" त्यांनी छडी लावली आणि थांबल्या. "इथे नाहीत. इथे नऊ, पाच आणि एकवर आहेत. सगळं उलटं. बाकी इतकं अचूक, आणि हेच कसं…"

"घड्याळ बंद पडलं असेल!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

मॅडम हसल्या नाहीत. डोकं तिरकं करून त्या विचार करत होत्या. हुशार मुलगी हो! आणि हुशार माणसांचं हेच वाईट, की उत्तर सापडलं की त्यांना राहवत नाही. "अच्छा! आलं लक्षात! डावं-उजवं बदललंय. आरशात बघितलं की असंच दिसतं. म्हणजे यांनी हे आरशात बघून…"

आणि थांबल्या. त्यांना कळलं. मला कळलं. मग पहिल्या रांगेला कळलं, दुसरीला कळलं, आणि ते कळणं एकेका खुर्चीवरून सरकत पार दारापर्यंत गेलं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं तेव्हा तो "आऽऽ" म्हणाला.

त्याच क्षणी लाईट गेली. पंखे थांबले, माईक मेला, खिडक्यांतून येणारा संध्याकाळचा उजेड तेवढा उरला. मला वाटलं, सुटलो! पण आमच्या ताईला माईक लागत नाही.

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "शिरू! अरे मेल्या, कधीपासून होतंय तुला? सांगायचं नाय का रे!"

"ताई, हे माझं नाहीये!"

"मग कुणाचं हाय?"

खरं तर तिथे गप्प बसायला हवं होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. मी व्यासपीठावर इकडे तिकडे पाहिलं. तिथे डॉक्टर मॅडम, मी आणि भाऊजी, एवढेच. मी भाऊजींकडे पाहिलं. माझ्याबरोबर सगळा हॉल भाऊजींकडे पाहायला लागला.

"माझं नव्हे!" भाऊजी गरजले. "माझं ऑपरेशन कधीच झालंय!"

सगळ्या माना आता ताईकडे वळल्या.

"अहो!" ताई कळवळून ओरडली. "ते कुणाला सांगायचं नव्हतं ना!"

दोन वर्षांपूर्वी भाऊजी पाच दिवस अष्टविनायक यात्रेला गेले होते. आम्हांला प्रसादाचे पेढेही आले होते. ते पेढे कुठले, हे मला त्या अर्ध्या अंधारात समजलं.

आणि मग हॉल जो हसायला लागला! खुर्च्या सरकल्या, बायका पदर तोंडात धरून वाकल्या, मॅडम छडी टेबलावर ठेवून पाठमोऱ्या झाल्या. लाईट आली तरी हसणं थांबेना. भाऊजींनी डोळे पुसले, मुख्याध्यापकाचा आवाज काढला, "शांतता! शांतता! आता चिठ्ठ्या!" आणि पेटी उलटी केली. पहिली चिठ्ठी: 'माझ्या एका मित्राला वर्षभर त्रास आहे…' दुसरी: 'माझ्या एका मित्राला तिखट खाल्ल्यावर…' तिसरी: 'माझ्या मैत्रिणीला बाळंतपणापासून…'

मॅडम म्हणाल्या, "रोह्याची माणसं धडधाकट आहेत. मित्र तेवढे जपून निवडा."

चौथी चिठ्ठी भाऊजींनी उघडली. "'माझा एक मित्र पेणला गणपतीचे डोळे आखतो…'"

पुढचं त्यांना वाचता येईना. पण मॅडमनी चिठ्ठी स्वतः हातात घेतली आणि हसू आवरून पूर्ण वाचली. "'त्याला बसवत नाही. डोळे वेडेवाकडे येतात. ऑपरेशनची फार भीती वाटते. चतुर्थीपर्यंत थांबलं तर चालेल का?'" त्यांनी चिठ्ठी घडी केली आणि माझ्याकडे न बघता, सगळ्यांकडे बघून बोलल्या. "मित्राला सांगा, थांबू नका. तिसऱ्या पायरीलाही दर वेळी चाकू लागतोच असं नाही. कुणाचं रबराच्या छोट्या रिंगवर भागतं, कुणाला लेझर चालतं, कुणाला ऑपरेशन लागतं. ते तपासल्यावर ठरतं. आणि रक्त जात असेल तर लाजून घरी बसू नका. प्रत्येक वेळी ते मूळव्याधीचंच असतं असं नाही, म्हणून तपासायचं. भिंतीवरच्या जाहिराती वाचून दोरे बांधणं आणि मलमं लावणं तर मुळीच करू नका. बहुतेक लोक थोड्याच दिवसांत कामाला लागतात."

एवढंच. पण मला खरंच भरून आलं. कित्येक आठवडे मी ते भय एकटा घेऊन फिरत होतो. मठ्ठा पिता पिता ऐकलेल्या एका वर्णनापायी मी माझ्या कामाचं वाटोळं करायला निघालो होतो. आणि इथे ही भाचीच्या वयाची मुलगी सर्दीवर बोलावं तसं बोलत होती. मग तर बांधच फुटला. एका काकांनी सरळ हात वर केला, "मॅडम, मित्र-बित्र काय नाय, मलाच हाय!" त्यांच्या मागे चार हात, मग दहा. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना हाय, त्या इथेच बसल्यात, पण बोलत नायत." सासूबाईंनी त्यांना चिमटा काढला. व्याख्यान आठला संपायचं ते साडेनऊपर्यंत चाललं. भाऊजी मला म्हणाले, "श्रीकांतराव, सहा दिवसांत मी लोकांना एक प्रश्न विचारायला लावू शकलो नाही. तुम्ही कमाल केलीत!"

"मी काय केलं?"

"तेही खरंच," भाऊजी म्हणाले.

टेम्पो नागोठण्याला पोचायच्या आत मंगलचा फोन आला. ताईनं काम चोख केलं होतं. मी कान धरून उभा राहिलो. आता रडणार, ओरडणार, मला का सांगितलं नाही म्हणणार…

"कुठला आरसा?" मंगल म्हणाली.

"अगं, तू आधी ऐक…"

"कुठला आरसा घेतला होतात तुम्ही माळ्यावर?"

"तो… हातआरसा. लाल कडेचा."

मग ती शांतपणे म्हणाली, "त्यात मी रोज कुंकू लावते."

त्या दिवसापासून घरात तीन आरसे आहेत, आणि त्यांच्यावर नावं चिकटवलेली आहेत.

तपासणी झाली. मॅडमनी लेझर सुचवलं, मी होय म्हटलं. खोटं कशाला बोलू, टेबलावर जाईपर्यंत दात वाजत होते. पण ते दुखणं हायवेच्या खड्ड्यांपेक्षा कमीच निघालं. दोन रात्री ताईकडे मुक्काम. भाऊजी उशाशी बसून अनुभवाचे बोल ऐकवत होते. त्यांना दोन वर्षांत बोलायला माणूस मिळाला नव्हता, आणि आता मला उठून जाता येत नव्हतं. पेणला परतल्यावर गंगारामनं पाटावर जुनी उशी घालून ठेवली होती. पहिल्या दिवशी दहाच मूर्ती आखल्या, मग वीस, मग नेहमीसारख्या. चतुर्थीच्या आदल्या दुपारी शेवटची जोडी आखून झाली, आणि मी तासभर उठलोच नाही. निव्वळ बसण्यात एवढं सुख असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आता मॉडेलचं काय झालं ते सांगतो. मॅडमनी ते मागून घेतलं. पेशंटना समजावायला इतकं चांगलं दुसरं काही नाही म्हणे. भाऊजींनी लगेच समितीतर्फे काचेची पेटी करून दिली, खाली पितळी पाटीसकट. पाटीचा मजकूरही त्यांचाच. मूर्तिकार म्हणून माझं पूर्ण नाव, मधे अण्णांचं नाव, शेवटी 'पेण'.

सत्तावीस वर्षं मी देव घडवले. कुणी दीड दिवसांचा, कुणी पाच, कुणी अकरा. सगळे वाजतगाजत गेले आणि पाण्यात विरघळले. मूर्तिकाराचं काम मागे उरत नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं, असं अण्णा सांगायचे. तरी कुठेतरी मनात होतंच, की आपल्या हातची एक तरी वस्तू आपल्यामागे राहावी. राहिली! काचेत आहे, धूळ बसत नाही, पाऊस लागत नाही, शंभर वर्षं टिकेल. उद्या नातवंडांनी विचारलं, आजोबा कसे होते हो, तर रोह्याला नेऊन दाखवायची सोय झालेली आहे.